दारातली गाडी आणि मनातली गाडी

दसऱ्याच्या सकाळी सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावातून फेरफटका मारावा. रस्त्याच्या दोहों बाजूंना धुऊन पुसून लख्ख केलेल्या गाड्या उभ्या असतात. त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, चाकांखाली लिंबे ठेवलेली असतात आणि ट्रॅक्टरापासून सायकलीपर्यंत प्रत्येक वाहनावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली असतात. पूजा आटोपली की घरमालक तेथेच कट्ट्यावर बसतो, शेजारी जमतात आणि गाड्यांच्या गोष्टींना रंग चढतो. खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर सोन्याचांदीच्या कामासाठी भारतभर विखुरले आहेत. ते सणासाठी गावी आलेले असले, तर एमएच दहा आणि एमएच अकरा या घरच्या क्रमांकांच्या शेजारी परप्रांतीच्या क्रमांकांच्या पाट्याही दिसू लागतात आणि मुलांना त्या वाचून राज्ये ओळखण्याचा खेळच मिळतो.

या गप्पा लक्षपूर्वक ऐकल्या, तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येकाजवळ दोन गाड्या असतात. एक दारात उभी असते, दुसरी मनात. दारातल्या गाडीविषयी मनुष्य तक्रारीच्या सुरात बोलतो, पण त्या तक्रारीत माया असते. मनातल्या गाडीविषयी बोलताना मात्र त्याचे डोळे चमकतात. अध्यापनाच्या काळात मी सातवीच्या मुलांना ‘माझी आवडती गाडी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगत असे. परदेशी गाड्यांची नावे त्यांत पुष्कळ असत, परंतु वर्णन करावयाची वेळ आली की बहुतेकांच्या लेखणीतून शेवटी जीपच उतरत असे.

असे का व्हावे? मनुष्याची स्वप्ने आकाशातून पडत नाहीत, ती त्याच्या पायाखालच्या रस्त्यावरून उगवतात. साताऱ्याचा माणूस घाटांत वाढलेला असतो. पुण्याकडे जावे तर खंबाटकी, पाचगणीस जावे तर पसरणी. घाटाच्या चढावर वेगाचा काही उपयोग नसतो, तेथे ओढ लागते. गाडीचा खालचा दात टाकला की इंजिन भरभर फिरते, पण चाके सावकाश फिरतात. गती कमी होते आणि तिच्या बदल्यात चाकांना मिळणारे बळ वाढते. मोटेला जुंपलेला बैल सावकाश चालतो, म्हणूनच तो भरलेली मोट वर आणू शकतो, तसाच हा प्रकार होय. उलट सांगलीचा माणूस कृष्णाकाठच्या काळ्या रानातला. पावसाळ्यात त्या मातीत बैलगाडीचेही चाक रुतते. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांच्या महापुरांत तर गल्ल्यांतून नावा चालल्या. त्याला गाडी हवी ती जमिनीपासून उंच असलेली आणि रुतली तरी निघणारी. घाटाची ओढ आणि चिखलातील उंची हे दोन्ही गुण जिच्यात एकवटले, ती जीप.

ही जीप मूळची युद्धातली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने त्या गाड्यांचे सुटे भाग आणून येथे जुळवणी सुरू केली. पुढे खेड्यापाड्यांत जीप आली ती मामलेदारांची, फौजदारांची, निवडणुकीच्या प्रचाराची. मग तिने पाटाखालच्या वाड्यावस्त्यांतली माणसे बाजाराला नेण्यास आरंभ केला आणि ‘वडाप’ हा आमच्या भागाचा खास शब्द रूढ झाला. जिची सत्ता पाहून लोक बाजूला होत, तीच गाडी पुढे त्यांनाच दाटीवाटीने बसवून कराडला नेऊ लागली. मुलांच्या मनात जीप बसली, त्यात नवल ते काय!

परंतु या भागातील लोक केवळ गाडी विकत घेण्याची स्वप्ने पाहत नाहीत. त्यांचा हात लोखंडाला लागलेला आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि लोखंडी नांगर घडविले. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्याकडे कारखाना काढला. तेथे नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिनेही झाली. मोटारीच्या धंद्याची मुहूर्तमेढ रोवणाऱ्या वालचंद हिराचंदांचे नाव सांगलीच्या १९४७ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे देण्यात आले. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे, हे आजच्या मुलांना ठाऊकही नसेल. त्यांच्या आजोबांना विचारावे. विहिरीवरचे इंजिन बिघडले की ते स्वतः उघडून बघणारा शेतकरी येथे वाडीवाडीत भेटतो. अशा मुलखात एखाद्याने स्वतःच मोटार घडवावयास घेतली, तर लोक हसतात, पण फार वेळ हसत नाहीत.

सांगलीच्या सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीत असा एक पुरुष होऊन गेला. त्यांचे नाव शंकरराव कुलकर्णी. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. सामान्य माणसाला परवडेल अशी लहान, देशी मोटार बनवावयाची, हा त्यांचा ध्यास. १९४९ साली त्यांनी पहिली गाडी तयार करून रस्त्यावर आणली. तिचे नाव ‘मीरा’. त्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. इंजिन पाठीमागे बसविले. गाडीला धक्के बसू नयेत म्हणून लोखंडी पाट्यांऐवजी रबराचा उपयोग केला. भाग जितके कमी, तितकी किंमत कमी आणि बिघाडही कमी, असा त्यामागील विचार होता. परंतु नमुना करणे निराळे आणि कारखाना काढणे निराळे. १९५१ च्या कायद्याप्रमाणे मोठा उद्योग सुरू करावयाचा तर केंद्र सरकारचा परवाना लागे. मोटारींचे परवाने त्या काळी मोजक्याच कंपन्यांकडे होते आणि गिऱ्हाइकांना पैसे भरून वर्षानुवर्षे गाडीची वाट पाहावी लागे. मीरेच्या उत्पादनाला परवानगी मिळाली नाही. एका बाजूला गाडीसाठी ताटकळणारी माणसे, दुसऱ्या बाजूला गाडी करून बसलेला माणूस आणि मध्ये एक कागद! मोटारींवरील हे परवान्याचे बंधन १९९३ साली उठले, पण मीरेला त्याचा काय लाभ?

आता देवराष्ट्रे या गावी जाऊ. सागरेश्वराच्या अभयारण्याजवळचे हे गाव. यशवंतराव चव्हाणांचा जन्म येथेच १२ मार्च १९१३ रोजी झाला. त्या वेळी हे गाव सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. म्हणून देवराष्ट्रे हे साताऱ्याचेही आणि सांगलीचेही. येथील दत्तात्रय लोहार यांचा धंदा नावाप्रमाणेच लोहारकामाचा. आपल्याकडे चारचाकी असावी, अशी त्यांच्या मुलाची इच्छा होती. नवी गाडी घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हा त्यांनी भंगारातील लोखंड आणि जुन्या गाड्यांचे भाग जमवून घरीच एक छोटी गाडी घडविली. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. गाडीचे तोंड कसे? अर्थातच जीपसारखे!

या गाडीतील सर्वांत मौजेची गोष्ट म्हणजे ती किक मारून सुरू करावी लागे. चारचाकीला किक, हे ऐकून हसू येते, परंतु त्यामागील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. कोणतेही पेट्रोलचे इंजिन आपोआप सुरू होत नाही. आरंभी बाहेरून कोणीतरी ते फिरवावे लागते. त्यायोगे आतला दट्ट्या खालीवर होतो, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढले जाऊन दाबले जाते, ठिणगी पडते आणि स्फोटाच्या बळावर पुढची फेरी इंजिन स्वतः घेते. मोठ्या मोटारीत हे पहिले फिरवणे विजेची मोटर करते. तिला बॅटरीतून पुष्कळ वीज लागते. अशी सोय अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला १९१२ साली प्रथम आली. त्यापूर्वी गाडीच्या पुढच्या बाजूस लोखंडी दांडा घालून तो हाताने गरगर फिरवीत. जुन्या जीपलाही ‘हँडल मारण्याची’ सोय असे. मोटारीचे चार नळकांड्यांचे मोठे इंजिन पायाने फिरविणे अवघड असते. दुचाकीचे एक नळकांड्याचे लहान इंजिन मात्र एका लाथेत फिरते. गाडी हलकी असली, तर किकवर चालणारे लहान इंजिनही तिला पुरते. म्हणजे लोहारांची किक ही गंमत नव्हती, हाताशी असलेल्या सामग्रीतून काढलेला तो सरळ मार्ग होता.

डिसेंबर २०२१ मध्ये या गाडीचे चलच्चित्र देशभर पसरले आणि ते उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आले. त्यांनी या कल्पकतेचे कौतुक केले. गाडीचे तोंड आपल्या ओळखीचे वाटते, असा विनोदही केला. परंतु ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा अधिकारी आज ना उद्या ती रस्त्यावरून बंद करतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तिच्या बदल्यात बोलेरो गाडी देण्याची आणि ही गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवण्याची तयारी त्यांनी दाखविली. आरंभी लोहार कुटुंब गाडी देण्यास राजी नव्हते, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. ते स्वाभाविकच होय. स्वतः घडविलेल्या वस्तूचा मोबदला दुसऱ्या वस्तूने होतो, असे व्यापारी म्हणेल. कारागीर म्हणणार नाही. अखेर जानेवारी २०२२ मध्ये सांगलीत त्यांना बोलेरो देण्यात आली.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि मुले तो हटकून विचारतात. इतक्या हुशारीने केलेली गाडी रस्त्यावर का चालू नये? मीरेला कागदाने अडविले ते वाईट, मग लोहारांच्या गाडीला नियमाने अडविणे चांगले कसे? माझ्या मते हे दोन नकार एका जातीचे नाहीत. मीरेला मिळालेला नकार गाडी चांगली की वाईट हे पाहून दिलेला नव्हता. कोणी किती उत्पादन करावे, हे सरकारने ठरविण्याचा तो काळ होता. दुसरा नकार रस्त्यावरून चालणाऱ्या परक्या माणसासाठी आहे. गाडी घडविणारा स्वतःचा जीव धोक्यात घालावयास तयार असेल, पण समोरून शाळेला निघालेल्या मुलीने तशी संमती दिलेली नसते. म्हणून भारतात नव्या प्रकारच्या गाडीचा नमुना विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक मोठी संस्था पुण्यात १९६६ साली स्थापन झाली असून तिला ‘एआरएआय’ या नावाने ओळखतात. ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबते, दिव्यांचा प्रकाश कसा पडतो, धूर किती निघतो, अशा गोष्टी तेथे मोजून पाहतात. डोळ्यांना मजबूत दिसणारा सांधा शंभरदा हादरल्यावर मजबूत राहील की नाही, हे डोळे सांगू शकत नाहीत. तथापि अशा परीक्षांचा खर्च खेड्यातील लोहाराच्या आवाक्यातला नाही, हेही तितकेच खरे. आणि ही उणीव अजून भरून निघालेली नाही.

हौशी मंडळींनी हाच विचार विकत घेतलेल्या गाडीविषयीही करावा. जुनी जीप घ्यावयाची, तिला रुंद चाके आणि डोळे दिपविणारे दिवे लावावयाचे, छप्पर कापावयाचे, हा शौक आमच्या दोन्ही जिल्ह्यांत बोकाळला आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत असा मनमानी बदल करता येत नाही. गाडी पकडली गेली, तर भर चौकात मान खाली घालावी लागते ती निराळीच.

याउलट जिला मूळ रूपात जपले आहे, अशा जुन्या गाडीचा कायद्याने मान राखला आहे. २०२१ साली झालेल्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या दुचाकी किंवा चारचाकीची पुरातन वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणी करता येते. तिच्या क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्यासाठी नसते. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिला रस्त्यावर येता येते. आजोबांच्या काळातील फियाट किंवा जीप ज्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांनी तिचे कागद शोधून ठेवावेत. नोंदणीच्या वेळी पहिली मागणी त्यांचीच होते.