बायबलमधील वारा व श्वास : मराठी अनुवादाचा पेच

हिब्रू 'रूआख' व ग्रीक 'न्यूमा' या शब्दांत वारा, श्वास आणि आत्मा हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. यहेज्केलच्या ३७व्या अध्यायात शुष्क अस्थींना जिवंत करणारा 'रूआख' वारा की श्वास, हे मूळ भाषेत ठरवावे लागत नाही. मराठीत ते ठरवावेच लागते. त्यामुळे योहानाच्या ३ऱ्या अध्यायातील येशू-निकदेम संवादातला श्लेष केवळ दृष्टांत म्हणून उरतो. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) मूळ भाषांवरून अनुवाद केला, तरी ही निवड अटळच होती. वस्तुतः संस्कृत 'आत्मन्'चाही प्राचीन अर्थ श्वास असाच. तत्त्वचिंतनात तो मागे पडला. लोकभाषेत मात्र देवीचे 'वारे' अंगात येते. 'न्यूमा'ला हा शब्द अधिक जवळचा, परंतु संचाराच्या अर्थामुळे ख्रिस्ती अनुवादकाला तो पेलणे कठीण.