शुगर आहे, पण कोणती?

समजा, सव्वीस वर्षांचा मुलगा. नवीन नोकरीच्या मेडिकलमध्ये उपाशीपोटीची शुगर 210 निघाली. अंगाने किडकिडीत, आईला आणि मामाला मधुमेह. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिली, घरात कारल्याचा रस सुरू झाला, आत्याचा 'भात सोड बरं' म्हणून फोन आला. सगळ्यांनी आपापले कर्तव्य केले, पण ही शुगर कोणत्या प्रकारची, हे विचारायचे राहून गेले. 'घराण्यातच आहे' म्हटले की आपल्याकडे विषय संपतो.

तरुण वयात तो तिथे संपवू नये. 126 किंवा त्याहून जास्त उपाशीपोटीची शुगर अथवा 6.5 किंवा त्याहून जास्त एचबीए1सी (लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री केलेली) एवढ्यावर मधुमेह ठरतो. त्याचा प्रकार ठरत नाही. आणि उपचार सगळे प्रकारावर अवलंबून. कोणाला इन्सुलिनवाचून जगता येत नाही, कोणाला एक जुनी, स्वस्त गोळी पुरते, तर कोणाला काहीच औषध लागत नाही.

जुना हिशेब सोपा होता. लहान वय आणि बारीक अंग म्हणजे टाइप 1, चाळिशी आणि सुटलेले पोट म्हणजे टाइप 2. इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे असे दोन गट हॅरोल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरांनी 1936 मध्येच दाखवले होते. वयाची रेघ मात्र सोयीसाठी मारलेली होती. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक'च्या जनुकीय माहितीवरून दिसले, की साठीपर्यंत होणाऱ्या टाइप 1 पैकी 42 टक्के तिशीनंतर सुरू होतो. ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे यांनाही आधी टाइप 2 सांगून गोळ्या दिल्या होत्या. त्या लागू पडेनात, तेव्हा पुन्हा तपासण्या झाल्या आणि टाइप 1 निघाला. तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या गृहमंत्री होत्या.

आपल्याकडे हिशेब आणखी चुकतो, कारण बारीक असण्याला फारसा अर्थच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात नवजात बाळेसुद्धा अशीच दिसली होती: वजनाला कमी, पण चरबी राखून असलेली. त्यामुळे आपला किडकिडीत तरुण टाइप 2 चा असू शकतो, टाइप 1 चाही. घराण्याचा पुरावाही इथे कच्चा. घरात एकालाही शुगर नाही असे कुटुंब शहरात शोधावे लागते.

चूक झाली तर सगळ्यात महाग पडते ती टाइप 1 ला टाइप 2 समजण्याची. प्रौढ वयातला टाइप 1 बऱ्याचदा हळू चालतो. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी एकदम मरत नाहीत, म्हणून गोळ्यांवर काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही, बरे चालते. मग वजन उतरू लागते, रात्री चारदा लघवीला उठावे लागते, आणि रुग्णाला ऐकवले जाते की तू पथ्य पाळत नाहीस. हा आरोप फार अन्यायाचा आहे. इन्सुलिनच संपत आले असेल तर भाकरी मोजून खाल्ल्याने ते परत येत नाही.

पुढची पायरी कीटोअॅसिडोसिसची. पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि भरभर चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. पित्त झाले म्हणून घरी दिवस काढला तर जिवावर बेतते. लघवीतल्या कीटोनची पट्टी औषधांच्या दुकानात मिळते. डबीवर लिहिलेली सेकंदे थांबून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडायचा. पट्टी गडद जांभळी झाली तर थेट रुग्णालय गाठायचे. डापाग्लिफ्लोझिनसारखी 'ग्लिफ्लोझिन' गटातली गोळी चालू असेल तर जास्त सावध राहावे. टाइप 1 मध्ये ती कीटोअॅसिडोसिसला निमंत्रण देते, आणि शुगर फारशी वाढलेली दिसत नसल्याने रुग्णालाच काय, डॉक्टरांनाही चकवते.

मग प्रकार ओळखायचा कसा? पहिली तपासणी अँटिबॉडीची. शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर उठले असेल तर रक्तात जीएडी, आयए-2, झेडएनटी8 या अँटिबॉडींपैकी एखादी सापडते. सापडली आणि चित्रही जुळले, तर टाइप 1 जवळपास नक्की. नाही सापडली म्हणून टाइप 1 बाद होत नाही.

दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. स्वादुपिंडात आधी एक लांब साखळी तयार होते आणि ती तुटून एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड सुटते. भुईमुगाची शेंग फोडली की दाण्यांबरोबर टरफल हाती येते. टरफले मोजली की शेंगा किती फोडल्या ते कळते. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते, त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्याचीही ही तपासणी होते. जेवणानंतर काही तासांत घेतलेले सी-पेप्टाइड 0.6 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ संपले, 1.8 च्या वर असेल तर चांगले शिल्लक आहे.

गफलत होते ती रिपोर्ट वाचताना. शुगर 280 आणि सी-पेप्टाइड 0.9. छापील कक्षेत बसले म्हणून रिपोर्टवर ठळक अक्षर नाही, आणि घरचे सुटकेचा निःश्वास सोडतात. पण 280 शुगर असताना स्वादुपिंडाने यापेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन सोडायला हवे होते. सोबत शुगर न तपासता काढलेले सी-पेप्टाइड म्हणूनच अर्धे वाया जाते. शिवाय शुगर फार चढलेली असताना बीटा पेशी दमून गप्प बसतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यांतला आकडा अंतिम मानू नये. निदानाला तीन वर्षे झाली की तोच आकडा बराच बोलका होतो.

उलटी चूकही होते. आजी, वडील, आपण, तिघांनाही पंचविशीच्या आसपास मधुमेह, वजन बेताचे, अँटिबॉडी नाहीत, सी-पेप्टाइड चांगले: अशा वेळी 'मोडी'चा विचार करावा. एकाच जनुकातल्या दोषाने येणारा हा मधुमेह, मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. एचएनएफ1ए जनुकाचा असेल तर ग्लिक्लाझाइडसारखी सल्फोनिलयुरिया गोळी छान लागू पडते, आणि वर्षानुवर्षे सुई टोचून घेणाऱ्या काहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली इन्सुलिन थांबवता येते. ग्लुकोकायनेज जनुकाचा असेल तर उपाशीपोटीची शुगर आयुष्यभर थोडी चढी राहते, गुंतागुंत फारशी होत नाही, औषध सहसा लागतच नाही. गरोदरपणाचा विचार तेवढा वेगळा. जनुक तपासणी स्वस्त नाही, म्हणून उगाच सगळ्यांनी धावू नये.

आणखीही काही प्रकार आहेत. मधुमेहासोबत जुनी पोटदुखी आणि तेलकट जुलाब असतील तर स्वादुपिंडात खडे आहेत का ते सोनोग्राफीत पाहावे. लहानपणी उपासमार झालेल्यांचा मधुमेह वेगळा आहे, असे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे संशोधक सांगत आले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 मध्ये त्याला 'टाइप 5' हे नाव दिले. तज्ज्ञांत त्यावर वाद आहे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाटातल्या तरुणांबाबत आणखी एक गोष्ट: सिकलसेल असेल तर एचबीए1सीचा आकडा फसवा निघू शकतो. तिथे उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरवरच भर द्यावा.

वय चाळिशीच्या आत असेल, वजन आपोआप उतरत असेल, गोळ्या वाढवूनही शुगर हलत नसेल, किंवा स्वतःला वा घरात कोणाला थायरॉइड, कोडासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "माझा प्रकार कशावरून ठरवला?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर फाइलच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहून घ्या आणि निदानाच्या वेळचे रिपोर्ट रद्दीत टाकू नका. आणि प्रकाराबद्दल शंका आली म्हणून चालू असलेले इन्सुलिन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका.