टचपॅडची ओळख

श्रोतेहो, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे, आणि दोन बोटांनी पान सरकवू जाता ते जागचे हलू नये! आमच्या परिचयाचा एक विद्यार्थी तर नवा टचपॅड विकत आणण्यास निघाला होता. शिकवणीच्या पैशांतून, बरे का. आम्ही त्यास थांबविले.

दोष बहुधा वस्तूत नसतो, ओळखीत असतो. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या पीएस/२ संगणकांतील माउसजोडणीची रीत पुढे टचपॅडांनीही उचलली. त्यामुळे कर्नेलला खरी ओळख न पटल्यास तो पॅडला साधा माउस समजतो. बाण हलतो, पण बोटे किती टेकली हे त्याला कळत नाही.

म्हणून आधी ‘डीमेसेज’ ह्या आज्ञेने कर्नेलची नोंद वाचावी. सिनॅप्टिक्सच्या काही पॅडांविषयी तीत स्पष्टच लिहिलेले असते, की ह्यास दुसरी वाट चालते. ‘पीएसमाउस’ ह्या चालकाचा ‘सिनॅप्टिक्स इंटरटच’ हा पर्याय १ करून पाहा. तो आधी एकदाच करून पाहावा. गुण आला तरच कायमचा लिहावा. कारण काही यंत्रांत हाच उपाय, लॅपटॉप निद्रेतून उठल्यावर, पॅड पार मुका करतो.