पुढची काच : डागडुजी की बदल?

घाटात पुढच्या डंपरमधून उडालेली खडी मोटारीच्या काचेवर आदळते आणि टिकलीएवढा टवका उडतो. बहुतेक चालक त्याकडे दुर्लक्ष करतात. मात्र बाहेर रणरणते ऊन आणि आत गार हवा, या तफावतीने त्याच टवक्याचा लांबलचक तडा होऊ शकतो.

समोरची काच दुपदरी असते. दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. इजा केवळ बाहेरच्या थराला आणि रुपयाच्या नाण्याहून लहान असल्यास त्यात रेझिन भरून ते अतिनील किरणांनी घट्ट करता येते. पुसटशी खूण मात्र राहतेच. त्यामुळे चालकाच्या थेट नजरेसमोर टवका असेल, तर काच बदललेलीच बरी. तडा कडेपर्यंत पोहोचला किंवा आतला थर फुटला, तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. धूळ-पाणी शिरलेल्या टवक्यात रेझिन नीट धरत नाही. तोवर वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

विम्याचा हिशेबही पाहावा. काचेचा दावा केल्यास नूतनीकरणावेळी २० ते ५० टक्क्यांचा ‘नो क्लेम बोनस’ हातचा जाऊ शकतो. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यावर त्याची जुळवणी पुन्हा करून घ्यावी लागते, तो खर्च वेगळाच.