सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस’ लिहिलंय? म्हणजे नेमकं काय?

मुतखड्याच्या शंकेने किंवा पोटदुखीसाठी सीटी स्कॅन केला जातो आणि रिपोर्टमध्ये एक अनोळखी शब्द दिसतो : मेसेंटेरिक पॅनिक्युलायटिस. घरच्यांच्या मनात पहिली शंका कॅन्सरची येते. पण हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे.

ही चरबी कुठली?

सुमारे ६ मीटर लांबीचं लहान आतडं पोटात सुटं नसतं. पंख्यासारख्या एका पडद्याने ते पोटाच्या मागच्या भिंतीला जोडलेलं असतं. हा पडदा म्हणजे मेसेंटरी. आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि नसा यातूनच जातात. त्यांच्याभोवती चरबी असते, अगदी सडपातळ माणसाच्या पोटातही. या चरबीला सूज आली की त्याला पॅनिक्युलायटिस म्हणतात.

कोणाला होतो?

पन्नाशीनंतर आणि पुरुषांमध्ये तो जास्त आढळतो. नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पोटाचं जुनं ऑपरेशन, पोटाला झालेली इजा किंवा ऑटोइम्यून आजार यांच्याशी त्याचा संबंध दिसतो.

लक्षणं कोणती?

अनेकांना काहीच त्रास नसतो. काहींना पोटदुखी, पोट फुगणं, मळमळ, जुलाब किंवा बद्धकोष्ठता, ताप, वजन घटणं असा त्रास होतो.

मग डॉक्टर लक्ष का ठेवतात?

लिम्फोमासारखे काही कॅन्सर स्कॅनमध्ये असेच दिसू शकतात. त्यामुळे गाठी मोठ्या असतील किंवा वजन कारण नसताना घटत असेल, तर पुढच्या तपासण्या होतात. गरज पडल्यास बायोप्सी करतात. बाकी रुग्णांमध्ये काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायचा का, हे डॉक्टर ठरवतात.

उपचार काय?

त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. सूज अनेकदा आपोआप ओसरते. त्रास जास्त असल्यास स्टेरॉइड, काही वेळा त्यासोबत टॅमोक्सिफेन देतात. ही औषधं स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आतड्यात अडथळा आला, तरच ऑपरेशनचा विचार होतो.

दवाखाना कधी गाठायचा?

असह्य पोटदुखी, सतत उलट्या, शौच आणि वायू दोन्ही बंद होणं किंवा शौचातून रक्त जाणं, यापैकी काहीही झालं तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. एरवी रिपोर्ट आणि जुने स्कॅन घेऊन पोटविकारतज्ज्ञांना भेटावं. सूज नवी आहे की जुनीच, हे जुन्या स्कॅनवरून कळतं आणि निम्मी काळजी तिथेच मिटू शकते.