टवाळखोर कोण, हे कोणी ठरवायचं?

मुलांनो, बागेच्या फाटकावरचा बोर्ड तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचला आहे का? फुलं तोडू नका, कचरा टाकू नका, कुत्री आणू नका, अशी ती लांबलचक यादी असते. आपण ती न वाचताच झोपाळ्याकडे धाव ठोकतो. मीही लहानपणी तेच करायचे. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या वसईतल्या एका बागेच्या बोर्डावर, त्या यादीच्या खाली, लाल रंगात एक नवी ओळ आली. ‘टवाळखोर मुलांना प्रवेश बंद.’ त्या एका ओळीने माझ्या चौथीच्या वर्गाचे दोन तास घेतले आणि माझी एका रात्रीची झोपही.

त्याचं असं झालं. एका शनिवारी संध्याकाळी त्या बागेत काही मोठी मुलं सीझन बॉलने क्रिकेट खेळत होती. तिथे सीझन बॉलला मनाई आहे, हे बोर्डावर आधीपासूनच लिहिलेलं होतं. बॉल उडाला आणि फेऱ्या मारणाऱ्या एका आजोबांच्या तोंडावर बसला. चष्मा फुटला, भुवईला टाके पडले. मुलं बॅट घेऊन भिंतीवरून पसार! चार दिवसांत ती लाल ओळ आली.

पुढच्या रविवारी माझ्या वर्गातला एक मुलगा धाकट्या बहिणीला झोपाळ्यावर बसवायला तिथे घेऊन गेला. वॉचमनकाकांनी त्याला फाटकावरच अडवलं. “तू त्यांच्यातलाच ना रे? चल, फूट इथून!” पायात झिजलेल्या स्लिपर, अंगात मोठ्या भावाचा ढगळ टी-शर्ट, केस विस्कटलेले. एवढं काकांना पुरलं. बहीण रडत रडत घरी गेली.

सोमवारी तो वर्गात गप्प गप्प होता. मधल्या सुट्टीत त्याने मला सगळं सांगितलं. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला, माहीत आहे? “पण तू काय केलं होतंस?” तो म्हणाला, “बाई, मी शनिवारी विरारला मामाकडे होतो.” बघा हं! वर्गातल्या एकाने गडबड केली म्हणून सगळ्या वर्गाला उभं करू नये, असं आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं. मी तो धडा चांगला पाठ केला होता. तरीही मी त्या मुलाला आधी आरोपी केलं आणि मग त्याचं ऐकलं. रात्री झोप लागेना ती त्यामुळे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘टवाळखोर’ असं लिहिलं आणि विचारलं, “सांगा बरं, टवाळखोर म्हणजे कोण?” भराभर हात वर झाले.

“जो मुलींना चिडवतो तो.”

“जो फटाके अंगावर फेकतो तो.”

“जो केस रंगवतो तो, बाई!”

“जो आमच्या सोसायटीतला नाही तो.”

शेवटच्या उत्तराला वर्ग हसला, पण मी खडू खाली ठेवला. पहिली दोन उत्तरं आणि नंतरची दोन यांत फरक आहे, तुमच्या लक्षात आला का? चिडवणं, फटाका फेकणं ही कृत्यं झाली. केसांचा रंग आणि घराचा पत्ता ही काही कृत्यं नव्हेत. माणूस काय करतो ते सोडून तो कोण आहे, कुठून आला, कसा दिसतो, यावरून फाटक बंद करायचं ही आपल्याकडची फार जुनी खोड आहे.

वसईच्या वाड्यांत बावखलं असतात, ती तुम्ही पाहिली असतील. समजा, एखाद्या बावखलावर गुरं पाणी पितात, पाखरं पितात, पण काही माणसांनी मात्र तिथे हात लावायचा नाही, असा दंडक असला तर? आपल्याच कोकणात महाडच्या चवदार तळ्यावर असं खरोखर होतं. तळं सार्वजनिक, पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे पाणी घेता येत नव्हतं. त्यांनी काय केलं होतं? काहीच नाही. ते अमुक घरी जन्मले, एवढंच.

सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या असाव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं करण्याचा ठराव केला. कागदावर फाटक उघडलं, पण प्रत्यक्षात कुणी पाणी घेऊ देईना! अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीसाठी दहा वर्षं!

पुढे बाबासाहेब राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि लोकांसाठी असलेल्या जागा यांचा मुद्दाम उल्लेख आहे. सरकारी पैशातून चालणाऱ्या अशा जागी धर्म, वंश, जात, स्त्री की पुरुष, जन्मस्थान, एवढ्यावरून कुणालाही अडवता येत नाही. म्हणजे बागेच्या फाटकावर ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्नच गैरलागू. आमच्या वर्गात आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, आदिवासी, कोकणातून आलेली, उत्तरेतून आलेली अशी सगळी मुलं एका बाकावर बसतात. त्यांना हे कलम एका मिनिटात कळलं.

“पण बाई, त्यात वय नाही,” एक मुलगी म्हणाली. हुशार आहे ती! खरंच, त्या यादीत वय नाही. वयावरून हाकलण्याची एक गंमतशीर गोष्ट मग मी त्यांना सांगितली. इंग्लंडच्या शेजारी वेल्स नावाचा प्रदेश आहे. तिथल्या हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या गृहस्थांनी २००५ साली एक यंत्र काढलं. नाव ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. वय वाढलं की आपल्या कानांना फार उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. हे यंत्र नेमका तसाच कर्कश आवाज काढतं. तो मुलांना ऐकू येतो, मोठ्यांना सहसा येत नाही. दुकानाबाहेर टोळकं जमू नये म्हणून ते लावायचे. पण आईबरोबर पाव आणायला आलेल्या गुणी मुलालाही तोच त्रास! पोरांनी मात्र त्यावर कडी केली. तसल्याच आवाजाची मोबाइलची घंटा करून ती वर्गात वाजवायला लागली. शिक्षकांना पत्ताच नाही. (हे सांगितल्यापासून मला जरा धास्ती वाटते.) २०१० साली युरोपातल्या देशांच्या एका संसदीय सभेने हे यंत्र सार्वजनिक जागी लावूच नये, असं सांगितलं. आणि मुलांच्या हक्कांचा जो जागतिक करारनामा १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये भारताने मान्य केला, त्यात खेळणं हा मुलांचा हक्क आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्यासंबंधी निर्णय घेताना आपलं म्हणणं ऐकून घेतलं जावं, हाही हक्क त्यातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, छान! म्हणजे कुणालाच अडवायचं नाही.

तसंही नाही हं. मी त्या आजोबांना भेटायला गेले होते. भुवईवर पट्टी होती. ते म्हणाले, “पोरं खेळू देत, माझा राग नाही. पण डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मी चालू कुठे? रस्त्यावर रिक्षा, फुटपाथवर दुकानं.” आमच्याच शाळेतल्या सातवीच्या मुली त्या बागेतून न येता लांबून वळसा घालून येतात, कारण कोपऱ्यातल्या बाकावर बसणारी काही मोठी मुलं शिट्ट्या मारतात. बोर्ड कुणी लावला नाही, पण त्या मुलींना बाग बंदच झाली ना? पालकांनो, ‘तू तिकडे जाऊच नकोस’ असं आपण मुलीला चटकन सांगतो. शिट्टी मारणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून कधी कधी कुणाला तरी बाहेर काढावंच लागतं. प्रश्न आहे तो कसं काढायचं याचा.

सगळ्यांनाच बंदी घालणं सर्वांत सोपं. आपल्याकडच्या चिंचोटीच्या धबधब्याचं उदाहरण घ्या. जुलै २०१८ मध्ये अचानक लोंढा आला आणि शंभराच्या आसपास लोक तिथे अडकले. एकाचा जीव गेला. अशा ठिकाणी पावसाळ्यात बंदीचा हुकूम निघतो तेव्हा तो सर्वांना लागू असतो, कारण पाणी चांगला-वाईट असा भेद करत नाही. पण त्या हुकमालाही मुदत असते. पूर्वी ज्याला कलम १४४ म्हणत आणि २०२४ पासून नव्या कायद्यात ज्याचा आकडा १६३ झाला आहे, त्या कलमाखालचा हुकूम दोन महिने चालतो. पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला तसं सांगावं लागतं. बागेत असा लोंढा येत नाही. चार जणांमुळे तिथे सर्वांना कुलूप घातलं, तर सुक्याबरोबर ओलंही जळायचं.

मग एकाच माणसाला दूर ठेवायचं असेल तर? पेपरात ‘तडीपार’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. तड म्हणजे काठ, कडा. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा. त्यात सतत गुन्हे करणाऱ्याला काही काळ जिल्ह्याबाहेर पाठवता येतं. बॉलने चष्मा फोडणाऱ्यासाठी हा कायदा नाही, घाबरू नका! पण एवढ्या मोठ्या माणसांच्या, एवढ्या कडक कायद्यातही काय काय सांभाळलं आहे, ते बघा. आधी लेखी नोटीस द्यायची, त्यात आरोप काय आहे ते सांगायचं. त्याला खुलासा करू द्यायचा, साक्षीदार आणू द्यायचे, वकील देऊ द्यायचा. हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षं. आणि तीस दिवसांत वर अपील करता येतं. जालन्याच्या एका माणसाला अशी पूर्ण दोन वर्षांची हद्दपारी दिली होती. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा उपाय क्वचितच वापरायचा असतो, आणि पूर्ण दोन वर्षं का, याचं कारणही हुकमात लिहिलेलं नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं.

बागेतून हाकलण्याची सर्वांत जुनी गोष्ट तर वसईतल्या बऱ्याच मुलांना पाठ असते. आदाम आणि एवा! मना केलेलं फळ त्यांनी खाल्लं आणि एदेन बागेतून त्यांना कायमचं बाहेर जावं लागलं. पण आधी देवाने आदामाला विचारलं की तू ते फळ खाल्लंस का? देवाला काय ठाऊक नव्हतं? तरी विचारलं. १७१८ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने एका विद्वानाच्या पदव्या त्याचं न ऐकताच काढून घेतल्या होत्या. त्या खटल्यात एका न्यायाधीशाने हीच गोष्ट सांगितली आणि पदव्या परत देववल्या. आजही वकील ती गोष्ट सांगतात. मी ती वर्गात सांगितली तेव्हा शेवटच्या बाकावरून आवाज आला, “पण बाई, सापाला कुणी विचारलंच नाही!” मी घरी जाऊन पुस्तक उघडून पाहिलं. खरंच विचारलेलं नाही.

मग आम्ही नवा बोर्ड लिहायला बसलो. पहिला मसुदा भयंकर होता. ‘बॉल मारणाऱ्याला आयुष्यभर बंदी!’ ज्याला फाटकावर अडवलं होतं तोच मुलगा म्हणाला, “आयुष्यभर नको. महिनाभर.” खूप भांडाभांडी झाली. कुणी म्हणालं, पहिल्या वेळी फक्त समज द्यावी. कुणी म्हणालं, नाही, टाके पडले तर लगेच बंदी. एकीने विचारलं, वॉचमनकाका खोटं बोलले तर? म्हणून ठरलं की काकांनी त्या वेळेपुरतं बाहेर जायला सांगावं, पण पुढच्या दिवसांची बंदी त्यांनी एकट्याने घालू नये. ती वरच्या साहेबांनी, मुलाचं आणि त्याच्या आईवडिलांचं ऐकून, कारण आणि दिवस लिहून द्यावी. ‘टवाळखोर’ हा शब्द सर्वांनी मिळून खोडला. त्याच्या जागी काय काय करायचं नाही ते लिहिलं. आजोबांच्या फेऱ्यांसाठी कडेची वाट मोकळी ठेवायची, हेही त्यात आलं.

तो कागद आम्ही पाकिटात घालून संबंधित कार्यालयात नेऊन दिला. पोच मिळाली. उत्तर अजून आलेलं नाही आणि लाल ओळ अजून तिथेच आहे.

वॉचमनकाकांनाही मी भेटले. ते बिचारे एकटेच. रविवारी संध्याकाळी दोन-तीनशे माणसं येतात, फाटकं दोन. “बाई, मी कुणाकुणाचे चेहरे लक्षात ठेवू? काही झालं तर साहेब मलाच बोलतात,” ते म्हणाले. मी त्यांना आमचा कागद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत.

गेल्या रविवारी तो मुलगा बहिणीला घेऊन पुन्हा फाटकाशी गेला. हातात रबरी बॉल होता. काकांनी हात आडवा केला. मग बॉल हातात घेऊन दाबून पाहिला आणि विचारलं, “कुठे खेळणार?”

“तिकडे, वाळूत. हिच्याबरोबर.”

काकांनी बॉल परत दिला.