घरचे ग्राफिक्स कार्ड औषध-संशोधनाच्या कामी

विदर्भातल्या डॉक्टरला सिकलसेल हा आजार केवळ पुस्तकातून शिकावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या भागांतले रुग्ण नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत नेहमीच येतात. त्यांच्या रक्तात बिघाड केवढा असतो? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच. पण आईवडील दोघांकडून हा दोष आला, तर प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर आणि हालचालीवर किती अवलंबून असते, हे यावरून कळते. बरीचशी औषधे प्रथिनाच्या एखाद्या खाचेत बसून काम करतात आणि काही खाचा क्षणभरच उघडतात. ही हालचाल सूक्ष्मदर्शकात सलग पाहता येत नाही. म्हणून संगणक प्रत्येक अणूवरची ओढाताण मोजतो, अणूंना किंचित पुढे सरकवतो आणि पुन्हा मोजतो. असे एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांशाच्याही दहा लाखाव्या हिश्शाच्या दुपटीएवढे असते. प्रथिनाचा एक मिलिसेकंद पाहायचा तर अशी ५० हजार कोटी पावले टाकावी लागतात.

इथे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा बाजारातल्या अनुभवी अडत्यासारखा असतो. तो अवघड व्यवहार सांभाळतो, पण असे अडते मोजकेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कळमना बाजारात संत्री निवडणारे हजारो हात. प्रत्येकाचे काम साधे आणि एकसारखेच, पण सगळे एकाच वेळी चालते. खेळांतली चित्रे रंगवण्यासाठी बनवलेले हे यंत्र अणूंच्या हिशेबालाही चालते.

अनेक घरांत हे कार्ड दिवसाचा बराच वेळ रिकामे असते. तो वेळ संशोधनाला देण्याची सोय म्हणजे स्वयंसेवी संगणन. मोठ्या गणिताचे लहान तुकडे करून ते इंटरनेटवरून घरोघरी पाठवले जातात आणि उत्तरे परत गोळा होतात. परग्रहावरील संदेश शोधणारा ‘सेटी ॲट होम’ १९९९ मध्ये सुरू झाला. प्रथिनांसाठीचा ‘फोल्डिंग ॲट होम’ २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला आणि २००६ पासून त्यात ग्राफिक्स कार्डे वापरली जाऊ लागली. कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, जगभरातून इतके लोक त्यात आले की त्यांची एकत्रित ताकद तेव्हाच्या सर्वांत मोठ्या महासंगणकापेक्षा जास्त झाली. करोना विषाणूचा काटा कसा उघडतो आणि त्यात कोणत्या दडलेल्या खाचा आहेत, हे त्या गणितांतून दिसले.

याचा अर्थ घरच्या संगणकातून थेट गोळी तयार झाली, असा नाही. औषधाला प्रयोगशाळा, प्राणी आणि माणसांवरच्या चाचण्या ही सगळी वाट चालावीच लागते. गणित फक्त शोधायचे कुठे, हे सांगते. प्रथिनाचा आकार ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, मग हा खटाटोप कशाला, असाही प्रश्न येतो. ती प्रणाली मुख्यतः स्थिर आकार सांगते. हालचालीसाठी गणित अजूनही लागते.

माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळी आहे. गरिबांच्या आजारांत औषध कंपन्यांना फारसा नफा दिसत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी संगणकाचा वेळही कमीच मिळतो. ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’वर २०१६ मध्ये क्षयरोगाच्या जंतूच्या मेणचट आवरणाचा अभ्यास सुरू झाला, तो लोकांनी दिलेल्या वेळावरच. औषधांना जंतूच्या आत शिरू न देणारे हेच ते आवरण.

लिनक्सवर हे करू पाहणाऱ्यांची गाडी बहुधा ड्रायव्हरपाशी अडते. एनव्हीडियाच्या कार्डावर मूळचा मुक्त ड्रायव्हर चित्र दाखवतो, पण गणिताला पुरत नाही. उबुंटूमध्ये ‘अतिरिक्त ड्रायव्हर’ या सोयीतून कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा. एएमडी कार्डाला ओपनसीएलचे पॅकेज लागते आणि प्रोग्रामच्या खात्याला ‘रेंडर’ गटात घ्यावे लागू शकते. ‘बॉइंक’ हा प्रोग्राम उबुंटूच्या भांडारातच मिळतो. तो सुरू होताच त्याच्या नोंदींमध्ये कार्डाचे नाव दिसते का, हे पाहावे. दिसले नाही तर दोष बहुधा ड्रायव्हरचाच. सगळेच प्रकल्प ग्राफिक्स कार्ड वापरत नाहीत, हेही आधी तपासावे.

खर्चाचा हिशेब मात्र आधी करावा. २०० वॅटचे कार्ड रोज आठ तास चालले तर महिन्याला ४८ युनिट वीज जाते. चोवीस तास चालले तर १४४. संगणकाच्या बाकी भागांची वीज वेगळीच. ही सारी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन उतरते. नागपूरच्या मे महिन्यात कूलरशी झुंज लावण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे काम करावे, उन्हाळ्यात बंद ठेवावे. कार्डाची वीजमर्यादा थोडी उतरवली तर काम फारसे घटत नाही, तापमान मात्र कमी राहते. प्रत्येक कामाला मुदत असते, म्हणून पेलेल तेवढेच घ्यावे.

प्रोग्राम प्रकल्पाच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावा. ‘पैसे कमवा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. कार्यालयाच्या किंवा रुग्णालयाच्या संगणकावर परवानगीशिवाय काही चालवू नये.

रक्तदानाला येणाऱ्याला आम्ही आधी त्याची प्रकृती विचारतो. दान देणाऱ्याला इजा होता कामा नये, हा पहिला नियम. इथेही तोच नियम लावावा. वीजबिल झेपत असेल आणि कार्ड रिकामे असेल, तर या हिवाळ्यात ते एखाद्या रोगाच्या अभ्यासाला जरूर द्यावे. झेपत नसेल, तर आपल्या भागात सिकलसेलची तपासणी असेल तेव्हा घरातल्या सर्वांनी ती करून घ्यावी. तिला ना कार्ड लागते, ना वीज. रक्ताचा थेंब पुरतो.